मालकाची हजेरी

ते कार्ड कुणी मागवलं नव्हतं.

दुपारच्या टपालात आलं. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, ओळी वर चढत गेलेल्या. ‘उसाच्या चरकाची चाकं, लाटा, बैठकी बिडात ओतून देईन. भाव मणाला एकोणीस रुपये. माल वाईट निघाला तर पैसा घेणार नाही. बादशहा शिकलगार, रेल्वे फाटकाच्या पलीकडे.’

नृसिंहनं ते तीनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

दुसरा कुणी असता तर कार्ड नाचवत मालकाकडं पळाला असता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या कारखान्यात उसाचे चरक बनायचे. ओतीव माल आण्णांच्या फाउंड्रीतून यायचा. इथं तो लेथवर खरादायचा, जुळवायचा, हिरवा रंग द्यायचा आणि शेतकऱ्याला विकायचा. आण्णांचा भाव सव्वीस. एकोणीस म्हणजे मणामागं सात रुपयांचा फरक. चरकाला आठ-दहा मण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लागतं. हिशेब पोरालाही जमेल.

पण नृसिंहच्या टेबलावर बिडाचा एक तुकडा पडलेला होता. मोठ्या दातेरी चाकाचा तुटका दाता. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय असं तो लोकांना सांगायचा. कागदांवर तो कधी नसायचाच.

नृसिंह स्टोअर सांभाळायचा आणि बाहेरून आलेला माल तपासायचा. त्यानं ‘पास’ लिहिलं की माल आत. गेल्या दसऱ्याच्या आधी आण्णांकडून आठ चाकं आली. घाई होती. गिऱ्हाइकं दारात बसून होती. बीड तपासायचं तर ते साखळीला टांगून हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. धड असेल तर देवळातल्या घंटेसारखं वाजतं, चिरलेलं असेल तर मडक्यासारखं. जमिनीवर ठेवून मारलं तर काही कळत नाही. ही गोष्ट कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होती. नृसिंहनं आठही चाकं जमिनीवर ठेवूनच ठोकली. आण्णांचा माल, बारा वर्षांचा व्यवहार, कशाला टांगाटांगी? आठदा पास लिहिलं आणि जेवायला गेला.

सात चाकं चांगली निघाली. आठवं शिरोळला गेलं. तिथल्या गुऱ्हाळात इंजिनावर चरक चालू असताना त्याचा दाता उडाला आणि ऊस घालणाऱ्या ज्ञानूच्या डाव्या डोळ्यात घुसला.

तुकडा परत आला तेव्हा दात्याच्या मुळाशी सुपारीएवढं भोक दिसलं. ओतताना हवा अडकून पडलेलं. त्यात मेण आणि काजळी भरून वरून घासलेलं. आण्णांना कुणी जाब विचारला नाही. ‘बिडाचं काय सांगावं,’ एवढं बोलून ते मोकळे झाले. दादांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, ज्ञानूला दोनशे रुपये आणि एक धोतरजोडी धाडली. नृसिंहला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

कार्ड दादांच्या पुढ्यात गेलं.

“एकोणीस?” दादांनी चष्मा कपाळावर चढवला. “ह्यो बादशा म्हंजे आण्णाच्यातला ओतारी न्हवं? त्यानं भट्टी काढली व्हय?”

“असं दिसतंय.”

“मग मागव की माल! वाट कसली बघतोस?”

“दादा, एवढा भाव कमी म्हणजे कुठंतरी काहीतरी—”

“ते तू बघ. त्याच्यासाठीच तुला पंच्याऐंशी रुपये देतो. शनवारपतूर मला लिहून दे, घ्यायचं का न्हाय. आन् खाली सही कर.” दादा हसले. “मागच्यावाणी जेवायची घाई करू नगंस म्हंजे झालं.”

म्हणजे दादांना ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं.

नृसिंहनं नमुन्याचं एक चाक मागवलं. तिसऱ्या दिवशी ते हातगाड्यावरून आलं. ढकलत स्वतः बादशहाच आला होता. पन्नाशीचा, सुकलेला, पायांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. चाक उतरवून दिलं, “बगा आन् कळवा,” एवढं म्हणाला आणि रिकामा गाडा घेऊन गेला. चहालाही थांबला नाही. माणूस जास्त बोलला तर त्याचा संशय येतो, हा काहीच बोलला नाही तर जास्तच आला.

मग नृसिंह त्या चाकाच्या मागं हात धुऊन लागला. साखळीला टांगून एकेका दात्यावर हातोडी मारली. चाक असं वाजलं की लेथवरचे कामगार मान वर करून बघायला लागले. त्याला खरं वाटेना. अंगणात शेणी पेटवून चाक त्यावर ठेवलं. कुठं मेण भरलेलं असेल तर उष्णतेनं पाझरून बाहेर येईल म्हणून. तासभर बसून राहिला. मेण आलं नाही. शेवटी घणाखाली घेऊन चाकाचे दोन तुकडे केले. भंगारातलं जळकं लोखंड घुसडलं की मोड, म्हणजे तुटलेली कड, काचेसारखा पांढरा येतो. हा मोड राखाडी, बारीक दाण्याचा. अंगठा फिरवला तर बोट काळं झालं. चांगल्या बिडाची खूण.

“काय वो नरसिंगराव,” लेथवाला ओरडला, “त्या बिचाऱ्या चाकानं तुमचं काय घोडं मारलं?”

चाक वाईट निघालं असतं तर कार्ड फाडून सुटता आलं असतं. चाक चांगलं होतं म्हणूनच सुटका नव्हती. चांगलं चाक एकोणीस रुपये मणानं होतं कसं? नमुना चांगला आणि मागून येणारा माल भलताच, असं तर नाही? का चोरीचं बीड?

शुक्रवारी तो सायकल काढून फाटकाच्या पलीकडं गेला.

डांबराची पिंपं फोडून सपाट केलेल्या पत्र्यांची शेड. मधोमध भट्टी, एका जुन्या बॉयलरची. तीन मजूर भंगार फोडत होते. दाराशी एक बाई कोपरापर्यंत हात घालून वाळू मळत होती. वाळूत काकवी घातलेली, म्हणजे साचा घट्ट धरतो. तिच्या हातांवरून मुंग्या चढत होत्या.

“माझी मंडळी, चाँदबी,” बादशहा म्हणाला. “बसा नरसिंगराव. चाक कसं वाटलं?”

“फोडलं.”

“फोडायलाच दिलतं.”

नृसिंहनं पोत्यावर बैठक मारली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “बादशहाभाई, खरं सांगा. एकोणीस रुपयांत कसं परवडतं? बीड कुठलं?”

“बीड जुन्या चरकांचं. मोडक्यात घेतलेलं. पावत्या हायत.” बादशहानं बोटं पुढं केली आणि मोजायला लागला. बीड एवढं. कोळसा एवढा. माती, वाळू, काकवी. तीन गड्यांची मजुरी. जागेचं भाडं. गाडीखर्च. एकेका बोटावर आकडा सांगत गेला आणि प्रत्येक आकडा बरोबर होता. नृसिंहला बाजार तोंडपाठ होता. बेरीज अठरा झाली. “आन् वर मणाला एक रुपाया मालकाचा. झालं की एकोणीस.”

नृसिंह त्याच्या बोटांकडं बघत राहिला. काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं ते ध्यानात यायला क्षणभर लागला, कारण ते समोरच बसलं होतं.

“आणि तुमची मजुरी?”

“माझी?”

“साचा कोण करतं? भट्टी कोण लावतं? बीड कोण ओततं?”

“मीच की.”

“मग तुमचा पगार कुठल्या बोटावर मोजलात?”

बादशहा गालातल्या गालात हसला. लहान पोराला समजावून सांगावं तसं म्हणाला, “नरसिंगराव, मी आता मालक हाय. मालक कुटं पगार घेतो? वीस वर्सं शनवारी आण्णाच्या दारात रांगेत हुबा ऱ्हायलो. समद्यास्नी पगार मिळायचा, मुकादमाला, ओताऱ्याला, झाडूवालीला. आण्णानं सवताला पगार वाटलेला एकदाबी बघितला न्हाय. हजेरीच्या वहीत नाव न्हाय त्येंचं.”

नृसिंहला हसू आलं नाही. यात हसण्यासारखं काही नव्हतंच. वीस वर्षं माणूस रांगेत उभा होता आणि रांगेतून जेवढं दिसतं तेवढंच शिकला. आण्णांचा माडीचा बंगला, दारातली मोटार, पोरीच्या लग्नात उठलेल्या हजार पंगती हे सगळं कुठून आलं? रांग लागायच्या आधीच ते काढून बाजूला ठेवलेलं असतं. रांगेतल्याला ते दिसू नये अशीच रांगेची व्यवस्था असते. आणि मग रांगेतला एखादा उठून स्वतःची भट्टी घालतो, तेव्हा तो स्वतःलाच फुकट राबवतो आणि त्याला मालकी म्हणतो.

“आणि ह्यांची मजुरी?” त्यानं वाळू मळणाऱ्या चाँदबीकडं बोट केलं.

“ती घरचीच की!”

चाँदबी मान वर न करता म्हणाली, “मालकीण म्हंत्यात मला. बगा कशी मालकीण. गाढवाला तरी सांजचं सोडत्यात.”

“भट्टी लावल्यापासून घरात काय आलं?” नृसिंहनं तिलाच विचारलं.

“आलं कुटलं? गेलं. पाटल्या कोळशात गेल्या. बिलवर त्या साकळीच्या कप्पीत गेलं. आता एक गळ्यातलं हाय. संक्रांतीपतूर तेबी भट्टीत घालतील आन् मग मलाच घालत्याल.”

“चाँदबी, पावण्यासमोर—”

“पावणं इच्यारत्यात म्हनून सांगतोय. तुमी इच्यारलासा कदी?”

संक्रांतीपर्यंत. नृसिंहला एकोणीसचा अर्थ लागला. चाक मोडणार नव्हतं, माणूस मोडणार होता. तोही ऐन हंगामात, गिऱ्हाइकं दारात बसलेली असताना. आणि मोडायच्या आधी महिनाभर, गळ्यातलं विकल्यावर, हाच भला माणूस कोळसा कमी घालील, जळकं बीड घेईल आणि एखादं भोक मेणानं भरील. सगळे तसंच करतात. वाईट माल काही वाईट माणसंच काढतात असं नाही.

तो उठला. बादशहा फाटकापर्यंत सोबत आला. सायकलच्या हँडलला हात लावून उभा राहिला.

“एक सांगायचं ऱ्हायलं,” तो म्हणाला. “शिरोळचं चाक. त्यात मेण भरलतं ते ह्या हातानं. आण्णा म्हनलं, भर, दसऱ्याचा माल हाय. मी म्हनलं, दात्याच्या मुळात हाय आण्णा, उडंल. ते म्हनलं, तू भर. भरलं.” त्यानं हँडल सोडलं. “त्या गड्याचा डोळा गेल्यालं कळलं आन् दुसऱ्या दिवशी काम सोडलं. आता तुमी माझा माल घ्या न्हायतर घिऊ नगा. पण ठाऊक असावं.”

घरी जाताना नृसिंहला सायकल जड लागत होती. यानं भरलं, आपण पास केलं. आणि उद्या याच्याच मालाखाली सही करायची! कुणी विचारलं, का रे बाबा, ह्या माणसावर भरवसा का ठेवलास, तर काय सांगायचं? त्यानं आपणहून कबूल केलं म्हणून? आपण तर तेवढंही केलेलं नाही.

शनिवारी सकाळी तो कागद लिहून दादांच्या खोलीत गेला तर समोरच्या खुर्चीत आण्णा. उद्यमनगरात गोष्ट लपत नाही. आण्णा पान लावत बसले होते.

“या इन्स्पेक्टरसाहेब,” ते म्हणाले. “माझ्याच भट्टीत शिकून माझ्याच पोटावर पाय देतोय तो. बरं, द्या पाय. दादा, आपली बारा वर्सांची ओळख. मीबी एकोणीसनं देतो. आता काय म्हणणं हाय?”

दादांचा चेहरा उजळला. त्यांना हेच हवं होतं. कार्ड आल्या दिवसापासून हेच हवं होतं. “ऐकलंस नरसू? बसल्या जागी भाव उतरला. तुझा कागद फाड.”

इथं नृसिंहनं कागद फाडला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. त्याची नोकरी राहिली असती. सहीसुद्धा करावी लागली नसती. त्यानं कागद टेबलावर ठेवला.

“आण्णा,” तो म्हणाला, “तुमच्याकडं ओतारी किती?”

“अकरा. का?”

“त्यांना पगार देता?”

“हा काय प्रश्न झाला?”

“बादशहाभाईला एकोणीस पडतात, कारण तो स्वतःचा आणि बायकोचा पगार धरत नाही. मी हिशेब बघून आलोय. तुम्हाला अकरा ओताऱ्यांचा पगार देऊन एकोणीस पडत नाहीत. काल सव्वीस होते. मग आज चाकात काय घालणार आहात ते सांगा.”

“ए, तोंड सांभाळ.”

नृसिंहनं खिशातून दात्याचा तुकडा काढला आणि आण्णांच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवला. भोक वर करून.

“ह्यात मेण कुणी भरलं ते मला कळलंय. भरायला कुणी लावलं तेही.”

आण्णांचं पान हातातच राहिलं. पण ते पुरे मुरलेले होते. तुकड्याकडं न बघता म्हणाले, “आन् पास कुणी केलं?”

बाहेर लेथ चालू होते.

“मी,” नृसिंह म्हणाला. वर्षभर हा एवढासा शब्द त्यानं कुणापुढं काढला नव्हता. “जमिनीवर ठेवून ठोकलं. टांगलं नाही. माझी चूक आहे. म्हणून ह्या खेपेला सांगतोय दादा, एकोणीसनं कुणाचाच माल घेऊ नका. ह्यांचाही नाही आणि त्याचाही नाही. त्याची आणि बायकोची मजुरी धरून बादशहाला तेवीस द्या.”

दादा खुर्चीतून अर्धे उठले. “ज्यानं एकोणीस मागितलं त्याला तेवीस देऊ? भांग पिऊन आलायस काय?”

“एकोणीसनं दिलंत तर पौषात त्याची भट्टी विझेल. बायकोच्या गळ्यातल्यावर चालली आहे ती. भर हंगामात तुम्ही आण्णांच्या दारात जाल, आणि तेव्हा आण्णा तीस म्हणतील.” त्यानं आण्णांकडं बघितलं. “म्हणणार नाही म्हणून सांगा.”

आण्णांनी पान तोंडात टाकलं, डबा उचलला, तुकडा तिथंच ठेवला आणि उठून गेले.

बादशहाची दया येऊन दादा विचारात पडले असं कुणी समजू नये. ज्ञानूच्या डोळ्यानं जे झालं नव्हतं ते तीस या आकड्यानं झालं.

“बावीस,” ते शेवटी म्हणाले. “एक पैसा वर न्हाय. आन् पयलं चाक शिरोळला, त्याच चरकावर. तू सवता जाऊन बसवायचं, सवता हुबा ऱ्हायचं. मोडलं तर तिथनंच तुझ्या गावाला जा. हिकडं तोंड दावू नगंस.”

नृसिंह निरोप द्यायला गेला तेव्हा बादशहा घाबरला. कार्डावर आकडा चुकला काय, असं त्याला वाटलं. “हे जादाचं तीन रुपये कशाचं?”

“तुमची हजेरी. वही आणा आणि त्यात पहिलं नाव घाला.”

“पयलं माझं,” वाळूतून चाँदबीचा आवाज आला.

दिवाळीनंतर शिरोळला गुऱ्हाळ लागलं. नृसिंहनं चाक निघायच्या आधी दोनदा टांगून वाजवलं, शिरोळात उतरल्यावर माणसं जमवून झाडाला टांगून पुन्हा वाजवलं. लोक हसले. त्यानं हसू दिलं. चाक बसवलं, दात्यांना वंगण लावलं, नटबोल्ट आवळले, पुन्हा आवळले.

इंजिन सुरू झालं. पट्टा फिरला. नृसिंह चरकाच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, चाकाच्या बरोबर रेषेत.

काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस उठून त्याच्याकडं आला. डावी पापणी शिवल्यासारखी मिटलेली. ऊस घालायचं काम आता त्याला देत नसत. एका डोळ्यानं लाटांचं, ऊस पिळणाऱ्या रुळांचं, अंतर कळत नाही.

“पावणं, हितं हुबं ऱ्हाऊ नगासा,” ज्ञानू म्हणाला. “हितंच माझा डोळा गेला.”

“म्हणूनच उभा आहे.”

ज्ञानूनं मान तिरकी करून, उजवा डोळा त्याच्यावर रोखून, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. इंजिनाच्या फटफटीत दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

“कोल्लापूरचं काय तुमी? ते पास करणारं?”

“हो. तेही चाक मीच पास केलं होतं.”

ज्ञानूनं शिवी दिली नाही. मारलंही नाही. बाजूच्या ढिगातून उसाची मोळी ओढली, सोडली आणि त्यातली चार कांडी नृसिंहच्या हातात दिली.

“मग घाला.”

नृसिंहनं ऊस लाटांत दिला. चरक करकरला, चाकावर भार आला, दात्यात दाता बसत गेला आणि रस पन्हाळीतून पडायला लागला. प्रत्येक फेऱ्याला तो डोळे मिटायचा. ज्ञानू मोळ्या सोडत होता, कांडी देत होता, एकदाही ‘पुरे’ म्हणत नव्हता. काहील भरेपर्यंत नृसिंहचे तळहात सोलून निघाले. चाकाचा आवाज पहिल्या फेऱ्याला होता तसाच होता. काहील भरली तसं इंजिन बंद झालं. त्यानं चाकाला हात लावला. कोमट होतं, धड होतं.

“आज मोडलं न्हाय,” ज्ञानू म्हणाला.

“नाही मोडलं.”

“उद्या सकाळी सातला चालू हुतंय.” ज्ञानूनं त्याच्या सोललेल्या हातांकडं बघितलं आणि चुलवाणाकडं वळला. “येळेवर या. हंगाम चार म्हैनं हाय.”